वाचकांचे प्रश्न : समुद्रातून आणलेल्या बोटीच्या मोटरचा रंग का टिकत नाही?

प्रश्न : आमची मच्छीमार सहकारी संस्था माजलगाव धरणाच्या जलाशयात मासेमारी करते. दोन वर्षांपूर्वी आम्ही कोकण किनाऱ्यावरून १५ अश्वशक्तीची जुनी आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन) विकत आणली. इंजिन चांगले चालते. परंतु मोटरच्या खालच्या भागाचा रंग फुगून पोपडे निघत होते आणि त्यांच्याखाली पांढरी पूड दिसत होती. आम्ही पोपडे खरवडून पॉलिश पेपर मारला, दुकानदाराने दिलेला रेड ऑक्साइड प्रायमर लावला आणि वर ऑइल पेंटचे दोन हात दिले. वैशाखात दिलेल्या रंगाला पोळ्यापर्यंत पुन्हा फोड आले. मागील वर्षी हेच सर्व पुन्हा केले आणि पुन्हा तेच झाले. मोटर आता गोड्या पाण्यात असूनही असे का होते? रंग टिकावा यासाठी काय करावे?
— एक वाचक, माजलगाव तालुका, जि. बीड

उत्तर : आपण कामात कुचराई केलेली नाही, हे आपल्या पत्रावरून स्पष्ट दिसते. पोपडे काढणे, घासणे, प्रायमर आणि दोन हात रंग हा क्रम लोखंडी दरवाजासाठी किंवा नांगराच्या फाळासाठी योग्यच आहे. अडचण अशी आहे की मोटरचा पाय आणि गिअरपेटी लोखंडाची नसून ओतीव ॲल्युमिनियमची असते, आणि समुद्रात काही वर्षे काढलेल्या ॲल्युमिनियमच्या अंगात मीठ मुरलेले असते. जायकवाडीचा उजवा कालवा माजलगावच्या जलाशयात गोदावरीचे कितीही गोडे पाणी आणून सोडो, रंगाच्या खाली अडकलेल्या त्या मिठापर्यंत ते पाणी ते धुऊन काढण्यासाठी पोहोचत नाही. पोहोचते ती केवळ ओल, आणि ती मिठाच्या मदतीला येते.

ॲल्युमिनियमचा हा स्वभाव आपल्या घरांत कोणाला नवा नाही. जर्मनच्या पातेल्यात लोणचे किंवा चिंचेचे सार ठेवू नये, असे आपल्याकडील प्रत्येक जुनी बाई सांगते, कारण रात्रभर ठेवले तर सकाळी पातेल्याच्या बुडाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ आणि घट्ट पापुद्रा बसतो, आणि एरवी तोच धातूचे रक्षण करतो. मिठातील क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी भेदते. एकदा छिद्र पडले की गंज पृष्ठभागावर पसरण्याऐवजी आत खोल जातो, आणि छिद्राच्या तळाशी क्लोराइड साठत राहिल्याने तेथील ओल आम्लधर्मी होऊन खड्डा स्वतःच वाढत जातो. आपल्याला दिसणारी पांढरी पूड ही ॲल्युमिनियमचाच गंज आहे. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून वरचा रंग उचलला जातो.

समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळून गेले तरी हे क्षार खड्ड्यांत आणि बोल्टांच्या भोवती राहतात. साधे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून पातळ होऊ लागते. पावसाळ्यात घरातील मिठाची बरणी पाझरते ती याच कारणाने. मराठवाड्याच्या वैशाखात हवा इतकी कोरडी असते की हे मीठ गप्प बसते आणि रंग सुरेख बसल्यासारखा दिसतो. मृगाच्या पावसानंतर हवा दमट होते, मोटरही दिवसभर पाण्यात राहते, आणि कोणताही रंग पूर्णपणे जलरोधक नसल्याने त्यातून झिरपणारी ओल मिठाकडे ओढली जाते. आपला रंग पोळ्यापर्यंतच का टिकला, याचे उत्तर हे आहे.

मी स्वतः उमेदवारीच्या काळात किनाऱ्यावरील एका दुरुस्तीच्या कारखान्यात हीच चूक केली होती. नवा रंग दिलेल्या मोटरला तीन महिन्यांत फोड आले, तेव्हा त्यांतील एक फोड मी ब्लेडच्या टोकाने हळूच उघडला. आत स्वच्छ पाण्याचा एक थेंब होता. तो काचेच्या तुकड्यावर घेऊन उन्हात ठेवला, तर थोड्याच वेळात काचेवर बारीक पांढरे कण उरले. ज्याची मोटर होती त्याचा हंगाम माझ्यामुळे वाया गेला, याचे मला आजही वाईट वाटते, आणि म्हणूनच धुण्याच्या कामाबद्दल मी येथे जरा सविस्तर लिहीत आहे. आपणही आपल्या मोटरचा एखादा फोड असा उघडून पाहावा. मात्र थेंबाची चव घेऊ नये. जुन्या मोटरांच्या मूळ प्रायमरमध्ये बहुधा क्रोमेट असते आणि ते विषारी आहे.

रंगकामास हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. गिअरपेटीच्या तळाचा स्क्रू काढून थोडे तेल बाहेर घ्यावे. ते दुधाळ असेल तर सील गेलेले आहे आणि पाणी आत शिरत आहे. अशा वेळी आधी सील बदलावे. तसेच मोटर बोटीला धरून ठेवणारा कंस आणि पंख्याच्या वरचा भाग यांवरील खड्डे खिळ्याच्या टोकाने चाचपावेत. खिळा खोलवर रुतत असेल तर धातूची ताकदच गेलेली आहे, आणि रंगाने ताकद परत येत नाही. तो भाग बदलावा किंवा ॲल्युमिनियमच्या ओतकामाचे वेल्डिंग जमणाऱ्या कारागिराकडे न्यावा.

त्यानंतर धुणे. पंखा, जस्ताच्या वड्या (ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजण्यासाठी मोटरला बसवलेले जस्ताचे तुकडे) आणि निघतील तेवढे बोल्ट काढून घ्यावेत. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये अडकून बसला असेल तर जोर करू नये. गंज सोडवणारे तेल टाकून एक रात्र थांबावे आणि सकाळी भोवतालच्या ॲल्युमिनियमला बेताची ऊब देऊन बोल्ट थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवावा. मात्र ते तेल आणि त्याची वाफ पेट घेते, म्हणून ऊब देण्यापूर्वी वरचे तेल पुसून काढावे, ज्योतीऐवजी गरम हवेचे यंत्र वापरावे आणि पेट्रोलची टाकी व नळी कामाच्या जागेपासून दूर ठेवावी. सर्व सुटे झाल्यावर मोटर साबणाच्या कोमट पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुवावी. पांढरे थर जेथे घट्ट बसले असतील तेथे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून १० ते १५ मिनिटे लावून ठेवावे आणि मग भरपूर पाण्याने काढावे. कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा, चुलीची राख आणि संडास साफ करण्याचे ॲसिड यांपैकी काहीही मोटरला लावू नये, कारण अल्कली आणि तीव्र आम्ल ही दोन्ही ॲल्युमिनियम विरघळवतात. राखेने घासलेले जर्मनचे भांडे काळे पडते, ते याचमुळे.

येथे आपल्या भागाची एक विशेष अडचण आहे. मराठवाड्यातील पुष्कळ बोअरचे पाणी मचूळ असते, आणि मीठ काढण्यासाठी क्षाराचेच पाणी वापरले तर कामाचा अर्थ राहत नाही. पहिले धुणे धरणाच्या पाण्याने करावे आणि शेवटचे विसळणे जारच्या फिल्टर पाण्याने किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावे. धुवून एक दिवस वाळू द्यावे, घासावे आणि पुन्हा धुवावे. असे किमान तीन वेळा करावे, कारण घासल्यावर उघडणाऱ्या खड्ड्यांत पहिल्या धुण्यात न पोहोचलेले मीठ असते. मीठ खरोखर गेले की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे ॲसिड नसलेले शुद्ध पाणी, स्वच्छ कापसावर घेऊन खड्डे असलेला भाग पुसावा आणि तो कापूस त्याच पाण्याच्या थोड्या भागात पिळावा. तालुक्याच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विनंती केली तर ते त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून दाखवतील. पाणी दुधाळ झाले तर क्लोराइड अजून आहे. निवळ राहिले तर पुढे जावे.

इंजिनच्या आतील थंडाव्याच्या वाटांतही मीठ असते. मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात, पाणी घेण्याच्या जाळीच्या वरपर्यंत बुडवून, १० ते १५ मिनिटे मंद वेगाने चालवावी. हे काम उघड्यावर करावे आणि पंखा काढलेलाच असावा. पाण्याशिवाय मोटर क्षणभरही चालवू नये, आतील रबरी इम्पेलर, म्हणजे थंडाव्याचे पाणी ढकलणारे चाक, लगेच जळतो.

घासण्याबद्दल थोडक्यात सांगतो. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये; त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कणाभोवती नवा गंज सुरू होतो. गंजलेल्या जागी ८० नंबरचा पेपर, मग १२० ते १८० आणि शाबूत रंगाच्या कडा उतरत्या करण्यासाठी ३२० नंबरचा वॉटर पेपर घ्यावा. घट्ट बसलेला मूळ रंग काढून टाकण्याचे कारण नाही. कारखान्यात भट्टीत भाजून बसवलेल्या त्या थराची बरोबरी आपण हाताने करू शकत नाही. सर्व घासकाम ओले करावे आणि धूळ रोखणारा चांगला मास्क लावावा, कारण वर म्हटलेले क्रोमेट धुळीतून फुप्फुसात जाते आणि त्याने कर्करोग होऊ शकतो. तोंडाला गमछा बांधणे पुरेसे नाही. घासलेले पाणी धरणात सोडू नये, एका घमेल्यात वाळवून उरलेला गाळ वेगळा बांधून ठेवावा. घासून झाल्यावर स्वच्छ पाणी ओतून पाहावे: ते सलग पदरासारखे पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, थेंब थेंब होऊन तुटले तर तेलकटपणा शिल्लक आहे आणि थिनरने पुसून पुन्हा धुवावे लागेल.

आता प्रायमर. रेड ऑक्साइड हे लोखंडासाठी आहे, आणि ॲल्युमिनियमवर त्याची पकड बसत नाही. शेंदरी रंगाचे, शिसे असलेले जुने प्रायमर तर त्याहून वाईट, कारण शिशाच्या संगतीने ॲल्युमिनियम अधिक वेगाने गंजते. आपण एक तर दोन डब्यांत येणारा इपॉक्सी प्रायमर घ्यावा किंवा गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा, फॉस्फोरिक आम्ल असलेला ‘एच’ (etch) प्रायमर घ्यावा. हे दोन्ही एकावर एक द्यायचे असतील तर तसे चालते असे दोन्ही डब्यांवर लिहिलेले असले पाहिजे. माझा स्वतःचा कल इपॉक्सीकडे आहे, कारण सतत पाण्यात राहणाऱ्या भागावर तो ओल चांगली अडवतो. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच वाढू लागते, म्हणून शेवटचे घासणे, पुसणे आणि प्रायमरचा पहिला हात ही तिन्ही कामे एकाच सकाळी, शक्यतो चार तासांच्या आत, उरकावीत. रात्री घासून ठेवले आणि सकाळी प्रायमर लावला, असे होऊ देऊ नये.

खोल खड्डे प्रायमरच्या पहिल्या हातानंतर इपॉक्सी भरणीने भरावेत. गाड्यांच्या पत्र्याला लावतात ती पॉलिएस्टरची लांबी (पुट्टी) पाण्याखाली चालत नाही, ती ओल शोषून घेते. भरणी वाळल्यावर घासून प्रायमरचा आणखी एक हात द्यावा. वर दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग सर्वांत टिकाऊ ठरतो. इपॉक्सी एकटाच ठेवला तर उन्हाने त्याची भुकटी सुटते, म्हणून वरचा रंग शोभेपुरता नसून गरजेचा आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि फवाऱ्यातून ते श्वासात गेले तर कायमचा दमा जडू शकतो. म्हणून फवारा मारायचा असेल तर योग्य श्वसनरक्षक साधने असलेल्या गाडी रंगवणाऱ्याकडेच मोटर न्यावी. ते शक्य नसेल तर ॲल्युमिनियमसाठी चालणारा ॲक्रिलिक रंग पातळ पातळ हातांनी द्यावा. आपण वापरलेला ऑइल पेंट येथे पुन्हा वापरू नये: गंजताना धातूवर काही जागी अल्कली तयार होते आणि त्या रंगातील तेल तिच्यामुळे साबणासारखे फुटते.

हवामानाबद्दल सांगायचे तर आपल्याकडे कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ या कामाला उत्तम आहे. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरलेले असल्याने आपल्याला सवड तेव्हाच असते, हे मी समजू शकतो. तसे असेल तर पहाटेचे दव वाळल्यानंतर, पण ऊन चढण्याच्या आत, सावलीत काम करावे. मे महिन्याच्या दुपारी उन्हातील ॲल्युमिनियम हाताला चटका देते, आणि इतक्या तापलेल्या धातूवर रंग पसरण्यापूर्वीच सुकतो व त्यात सुईच्या छिद्रांसारखी भोके राहतात.

पाणी आत घेण्याची जाळी, थंडाव्याचे पाणी बाहेर टाकणारे छिद्र, पंख्याच्या दांड्याचे दाते, ग्रीस भरण्याच्या जागा आणि क्रमांकाची पट्टी यांवर रंगापूर्वी चिकटपट्टी लावावी. पाण्याची जाळी रंगाने बुजल्यामुळे तापून बसलेली इंजिने मी पाहिली आहेत. बोल्ट परत बसवताना मरीन ग्रीस लावावे. तांबे किंवा ग्राफाइट असलेले ग्रीस ॲल्युमिनियमजवळ नको.


प्रश्न : नांदेडच्या विष्णुपुरी जलाशयात आमची एक छोटी बोट आहे. तिच्या मोटरला जस्ताची वडी बसवलेली आहे. समुद्रात अशी वडी वर्षभरात झिजते असे ऐकले होते. आमची मात्र वर्षानंतरही जशीच्या तशी आहे. आता मोटर रंगवताना वडीलाही रंग दिला तर ती आणखी टिकेल काय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : वडीला रंग मुळीच देऊ नये. ही वडी झिजण्यासाठीच असते. मोटरमध्ये ॲल्युमिनियमला लागून स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि दांडे असतात. पाण्यात या दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. जस्ताची वडी तो बळी स्वतःवर घेते. तिच्यावर रंग चढला की पाण्याशी तिचा संबंध तुटतो आणि गंज पुन्हा ॲल्युमिनियमकडे वळतो.

आपली वडी न झिजणे ही चांगली खूण नाही. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा विजेचे कितीतरी पटींनी मंद वाहक असते. शिवाय अशा पाण्यात जस्तावर एक कडक पांढरट थर धरतो आणि वडी काम करणे थांबवते. कायम गोड्या पाण्यात राहणाऱ्या मोटरला मॅग्नेशियमची वडी योग्य असते. मोटर कधी पूरबचावासाठी किंवा अन्य कामासाठी खाडीकडे अथवा समुद्राकडे नेली जाणार असेल तर त्यासाठीच बनवलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची वडी घ्यावी, ती दोन्हीकडे चालते; मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात फार झपाट्याने संपते, म्हणून ते तेथे वापरू नये. वडी जेथे टेकते ती जागा घासून उघडा, चकचकीत धातू दिसेल अशी करावी आणि मगच बोल्ट आवळावा. तेथे रंगाचा पातळ थर राहिला तरी वडी असून नसल्यासारखी होते. निम्मी झिजली की बदलावी.

माजलगावच्या वाचकांनीही हे उत्तर जरूर वाचावे. त्यांच्या मोटरला किनाऱ्यावर बसवलेली जस्ताचीच वडी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि दोन वर्षांत रंग दोनदा गेला त्यात तिचाही हात असू शकेल.


प्रश्न : येलदरी धरणावर आमच्या ओळखीच्या एकाने बंदरावरून बोटीच्या तळाला लावायचा लाल, तांबेयुक्त रंग आणला आहे. शेवाळ धरत नाही म्हणतात. तो मोटरच्या पायाला लावावा काय?
— एक वाचक, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : लावू नये. तांबे आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम फार वेगाने खड्डे पडून झिजते. त्या रंगातून सुटणारे तांबे उघड्या ॲल्युमिनियमवर जमते आणि प्रत्येक ओरखडा गंजाचे केंद्र बनतो. तो रंग समुद्रातील शिंपल्या आणि कालवे चिकटू नयेत म्हणून विष सोडण्यासाठीच बनवलेला असतो. आपल्या धरणात ते चिकटत नाहीत, आणि धरणाचे पाणी माणसे व गुरे पितात. हिरवे शेवाळ दिसले तर काम संपल्यावर मोटर वर उचलून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने पुसून काढावी.